जबडा कोण बसवणार?

शिफ्ट सुटायच्या वेळी चाकणच्या तळेगाव चौकात दुचाकींची गर्दी पाहिली, तर बऱ्याच जणांच्या डोक्यावर अर्धं हेल्मेट दिसतं. कवटी झाकलेली, हनुवटी उघडी. पुढे कंटेनर, मागे कंपनीची बस, कडेला खडी आणि खड्डे. अशा रस्त्यावर गाडी घसरली की माणूस आधी हातांवर पडतो आणि हात अपुरे पडले की हनुवटीवर. मेंदू वाचतो, जबडा मोडतो.

पुढचा क्रम ठरलेला. जवळच्या दवाखान्यात रक्त पुसलं जातं, हनुवटीला चार-पाच टाके पडतात, डोक्याचा सीटी स्कॅन होतो. ‘मेंदूला काही नाही’ हे ऐकून घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. चौथ्या-पाचव्या दिवशी सूज उतरू लागते, माणूस भाकरीचा तुकडा तोंडात घालतो आणि त्याच्या ध्यानात येतं की वरचे आणि खालचे दात एकमेकांवर बसतच नाहीत. एका बाजूच्या दाढा आधी टेकतात, दुसरीकडे फट राहते. खालचा ओठ बधिर लागतो. कानापुढे कळ येते.

असं होण्यामागचं एक कारण अगदी साधं आहे. डोक्याच्या सीटीत खालचा जबडा सहसा येतच नाही. मेंदूसाठी घेतलेली चित्रं साधारण कवटीच्या तळाशी थांबतात. त्या हाडाकडे कुणी पाहिलेलंच नसतं. ‘काही नाही’ हे उत्तर फक्त मेंदूपुरतं असतं आणि घरचे ते सगळ्या चेहऱ्याला लावून मोकळे होतात.

म्हणून या प्रकरणातली सगळ्यात कामाची गोष्ट आधीच सांगतो. चेहऱ्याला मार लागलेला माणूस घेऊन दवाखान्यात गेलात, तर तिथून निघण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा. चेहऱ्याच्या हाडांचा सीटी, निदान जबड्याचा ओपीजी एक्स-रे, झाला का? आणि जबडा मोडला असेल तर तो कोण बसवणार?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अनेकांना अनपेक्षित वाटतं. मोडलेला पाय अस्थिरोगतज्ज्ञ बसवतात, म्हणून जबडाही तेच बसवत असतील असा आपला समज असतो. प्रत्यक्षात या कामाचं खास शिक्षण दंतवैद्यकात मिळतं. मुख व जबडा शल्यविशारद, म्हणजे लोक ज्यांना ‘ओरल सर्जन’ किंवा ‘जबड्याचे डॉक्टर’ म्हणतात, ते आधी इंटर्नशिप धरून पाच वर्षांचं बीडीएस करतात आणि मग याच विषयात तीन वर्षांचं एमडीएस. मोडलेले जबडे आणि गालाची हाडं, अडकलेल्या अक्कलदाढा, जबड्यातल्या गाठी, न उघडणारं तोंड, पुढे आलेला किंवा मागे राहिलेला जबडा, दुभंगलेले ओठ आणि टाळू, हे सगळं त्यांचं क्षेत्र.

दाताच्या डॉक्टरांकडे हे काम का आलं, हे समजून घेण्यासारखं आहे. मांडीचं हाड जुळताना एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा फरक राहिला, तर शरीर तो सांभाळून घेतं. तोंडात तशी सोय नाही. दातांमध्ये केस आला तरी तो जाणवतो. मग जबड्याचा तुकडा मिलिमीटरभर सरकला तर चावताना काय होत असेल! जबडा नीट बसला की नाही, याचा निवाडा शेवटी दातच करतात. ज्याला दातांचा चावा वाचता येतो, त्यालाच तो निवाडा कळतो.

वैद्यकशास्त्र हे शिकलं ते युद्धात. त्याचा एक पाया मात्र युद्धाआधीच घातला गेला होता: फ्रान्समधल्या लील इथले शल्यविशारद रने ल फोर यांनी मृतदेहांच्या डोक्यांवर वेगवेगळ्या दिशांनी आघात करून पाहिले आणि चेहऱ्याचा मधला भाग ठराविक तीन रेषांवर मोडतो, हे 1901 मध्ये मांडलं. आजही सीटीच्या अहवालात ‘ल फोर वन’, ‘ल फोर टू’ असं लिहिलेलं असतं ते त्यांच्याच नावावरून. पुढे पहिलं महायुद्ध आलं. खंदकातून डोकं वर काढणाऱ्या सैनिकांचे चेहरे गोळ्यांनी आणि तोफगोळ्यांच्या तुकड्यांनी उडू लागले. ब्रिटिश सैन्यातले शल्यविशारद हॅरोल्ड गिलीज फ्रान्समध्ये चार्ल्स व्हॅलेडिए या दंतवैद्याचं काम पाहून या वाटेला लागले. इंग्लंडमधल्या सिडकप इथे 1917 मध्ये चेहऱ्याच्या जखमींसाठी खास रुग्णालय उभं राहिलं. तिथे कातडी गिलीज सांभाळत आणि जबड्यांचं काम विल्यम केल्सी फ्राय हे दंतवैद्य. वरची कातडी कितीही सुंदर शिवली तरी खाली हाडांचा आणि दातांचा आधार नसेल तर चेहरा पुन्हा कोसळतो, हा त्या जोडीचा अनुभव होता.

फ्राय यांचा एक अनुभव तर चाकणच्या प्रत्येक कंपनीच्या सेफ्टी विभागात सांगितला जावा. जबडा फुटलेल्या एका सैनिकाला त्यांनी डोकं पुढे झुकवून, आधार देत, चालवत मागच्या उपचार केंद्रावर आणलं. तोवर तो श्वास घेत होता. तिथे त्याला स्ट्रेचरवर उताणं झोपवलं आणि फ्राय फार दूर जाण्याआधीच तो गुदमरून गेला. जबड्याचा पुढचा भाग मोडला की जीभ त्याच्याबरोबर मागे सरकते. माणूस पुढे वाकून बसलेला असेल तर वाट मोकळी राहते. उताणा केला की जीभ आणि रक्त मिळून घसा बंद करतात.

आपल्याकडे अपघात झाला की लोक जखमीला रस्त्याच्या कडेला उताणं झोपवतात आणि तोंडात पाणी ओततात. भावना चांगली असते, पण चेहऱ्याच्या जखमेत हे दोन्ही घातक. माणूस शुद्धीवर असेल आणि मानेला मार लागल्याची शंका नसेल, तर त्याला पुढे वाकून बसू द्या, रक्त गिळण्यापेक्षा बाहेर पडू द्या. शुद्ध नसेल तर मान, डोकं आणि पाठ एका रेषेत ठेवून दोघा-तिघांनी मिळून त्याला कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा. नाकातून पाण्यासारखा पातळ द्रव येत असेल तर नाक शिंकरू देऊ नका. ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. पडलेला कायमचा दात मिळाला तर तो मुळाकडे न धरता वरच्या टोकाला धरा, घासू नका, दुधात टाका आणि बरोबर न्या. अर्ध्या-एक तासात तो परत खोबणीत बसवला तर जगण्याची चांगली शक्यता असते. मदत करणाऱ्याला पोलिसांचा त्रास होईल ही भीतीही मनातून काढून टाका. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने अशा मदतनीसाला संरक्षण मिळालं आहे.

चेहरा दुरुस्त करायची विद्या परदेशातूनच आली असं मात्र मानायचं कारण नाही. तिच्या इतिहासातलं एक ठळक पान पुण्याचं आहे. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर 1794 मध्ये एक पत्र छापून आलं. इंग्रजी फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा शेतकरी 1792 च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला; त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. मेणाची पातळ चकती नाकाच्या जागी बसवून माप घेतलं, ती कपाळावर सपाट पसरून तिच्याभोवती रेघ मारली आणि तेवढी कातडी सोडवून खाली वळवली; दोन डोळ्यांच्या मधला देठ रक्तपुरवठ्यासाठी तसाच ठेवला. जखमेवर कात पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि काही दिवसांनी त्या जागी तुपात भिजवलेलं कापड आलं. साधारण पंचविसाव्या दिवशी देठ कापला. भारतात ही शस्त्रक्रिया नवी नाही, असंही पत्रलेखकाने नमूद केलं होतं. तेच वाचून जोसेफ कार्प्यू यांनी 1814 मध्ये लंडनमध्ये ती करून दाखवली. पेशवाईतल्या पुण्यात नाक गेलेल्या गरीब गाडीवानाला नेमक्या हाताशी पोचता आलं. आज चाकणमध्ये जबडा मोडलेल्या कामगाराला पोचता येतं का, हा माझा प्रश्न आहे, कारण हात आहेत आणि तेही फार लांब नाहीत.

चाकणमध्ये ग्रामीण रुग्णालय आहे, खासगी रुग्णालयंही बरीच झाली आहेत. जीव वाचवण्याचं पहिलं काम तिथे व्हावं: श्वास, रक्तस्राव, मान, मेंदू. या क्रमात जबडा नंतर येतो आणि ते बरोबरच आहे. श्वासाला धोका नसेल तर जबड्याची शस्त्रक्रिया त्याच रात्री व्हायलाच हवी असं नसतं. बहुतेक वेळा काही दिवस हातात असतात. दोन आठवडे उलटले की मात्र तुकडे चुकीच्या जागी धरू लागतात आणि मग बसवण्यासाठी पुन्हा मोडावे लागतात. तेव्हा घाबरून पहिल्या रात्री मिळेल त्याच्या हाती जबडा देऊ नका आणि सूज आपोआप उतरेल म्हणून महिनाभर थांबूही नका.

या मधल्या दिवसांत शोध घ्यायचा. नाशिक रस्त्याने आळंदी फाटा, मोशी, भोसरी करत नाशिक फाट्याला उतरलं की पलीकडे पिंपरीचं संत तुकारामनगर. तिथे डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालय आहे आणि त्याच परिसरात महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, सगळ्यांच्या तोंडी असलेलं वायसीएम. मार्च 2022 पासून मेट्रोचं स्टेशनही तिथे झालं आहे. पुण्यात ससून आहे. कॅम्पात रंगूनवाला, धनकवडीला भारती विद्यापीठ अशी दंत महाविद्यालयं आहेत. ज्या महाविद्यालयात या विषयाचं एमडीएस शिकवलं जातं, तिथे रोज या प्रकारचे रुग्ण येतात, प्राध्यापक असतात आणि खर्चही खासगीपेक्षा सहसा कमी येतो. शिकणाऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली जायला लोक कचरतात; मला ती भीती पटत नाही. तिथे एकाच जबड्याकडे तीन-चार जण पाहतात, आणि चुकलेलं लक्षात आणून देणारा वरिष्ठ शेजारीच असतो.

खासगी डॉक्टर निवडायचे असतील तर पाटीवर नुसतं ‘एमडीएस’ पाहून थांबू नका. एमडीएस नऊ विषयांत होतं. दात सरळ करणाऱ्यांचं वेगळं, रूट कॅनालवाल्यांचं वेगळं, हिरड्यांचं वेगळं. तुम्हाला हवं ते ओरल अँड मॅक्झिलोफेशियल सर्जरीचं. राज्य दंत परिषदेकडच्या नोंदणीत पदव्युत्तर विषयाचीही नोंद असते, ती विचारायला संकोच नको. या तज्ज्ञांची देशपातळीवरची संघटना 1969 पासून आहे. तिचं सदस्यत्व ही खूण चांगली, पण पुरेशी नाही. पुरेसं उत्तर प्रत्यक्ष बोलण्यातून मिळतं. शस्त्रक्रिया कुठल्या रुग्णालयात करता, तिथे अतिदक्षता विभाग आहे का, नाकातून नळी घालून भूल देणारे भूलतज्ज्ञ आहेत का, छेद तोंडाच्या आतून घेणार की बाहेरून, ओठाच्या संवेदनेचं काय होईल, नंतर किती वेळा बोलावणार. चांगला शल्यविशारद या प्रश्नांनी चिडत नाही. शस्त्रक्रियेआधी ओठ किती बधिर आहे हे तो स्वतःच तपासून लिहून ठेवतो.

प्लॅस्टिक सर्जन आणि कान-नाक-घसा तज्ज्ञही चेहऱ्यावर काम करतात आणि अनेक जण ते उत्तम करतात. कातडी फाटली असेल, डोळ्याची पापणी तुटली असेल, तर प्लॅस्टिक सर्जन हवेतच. मोठ्या अपघातात हे सगळे एकत्र लागतात. माझा आग्रह एवढाच की दात असलेलं हाड मोडलं असेल, तर त्या चमूत चावा पाहणारं कुणीतरी असावं.

का, ते शस्त्रक्रिया पाहिली की कळतं. पहिलीच गोष्ट वेगळी असते: भुलीची नळी तोंडातून न घालता नाकातून घालतात. कारण दात मिटून पाहायचे असतात आणि मध्ये नळी असेल तर ते मिटणार नाहीत. मग वरच्या आणि खालच्या दातांना बाहेरच्या बाजूने धातूची पट्टी, आर्च बार, बारीक तारेने बांधतात. आता शल्यविशारद दात जुळवून पाहतो. वर्षानुवर्षं भाकरी चावून दातांवर झिजेच्या सपाट खुणा पडलेल्या असतात. वरची खूण खालच्या खुणेवर बसली की माणसाचा मूळचा चावा सापडला. त्या स्थितीत दोन्ही जबडे तारेने एकमेकांना बांधले जातात. चाकणच्या कामगाराला हे सांगावं लागत नाही: वेल्डिंगच्या आधी जॉब फिक्स्चरमध्ये घट्ट बसवायचा असतो, इथे दात हेच फिक्स्चर.

हाडाकडे हात जातो तो त्यानंतर. छेद बहुधा खालच्या ओठाच्या आतल्या बाजूने घेतात, म्हणजे बाहेर व्रण राहत नाही. उपदाढांच्या मुळांखालून ओठाची संवेदना आणणारी नस बाहेर येते. ती दोरीसारखी पांढरी दिसते आणि तिला न ओढता काम करायचं असतं. टायटॅनियमची छोटी प्लेट पकडीने वाकवून हाडाच्या वळणावर तंतोतंत टेकवतात, वरून सलाइनची धार सोडत भोकं पाडतात आणि स्क्रू बसवतात. प्लेट वळणावर टेकली नसेल तर स्क्रू आवळताना हाडच प्लेटकडे ओढलं जातं आणि चावा बिघडतो. प्लेट लागली की जबडे बांधणारी तार सोडून शल्यविशारद हाताने जबडा उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो. दात प्रत्येक वेळी त्याच जागी आले पाहिजेत. नाही आले तर प्लेट काढून पुन्हा पहिल्यापासून. ही तपासणी गाळणाऱ्याच्या हाती जबडा देऊ नये.

कानापुढचा सांध्याचा भाग मोडला असेल तर दोन अनुभवी डॉक्टर दोन सल्ले देऊ शकतात. एक म्हणेल उघडून प्लेट लावू, दुसरा म्हणेल दात रबराने बांधून व्यायाम करू. दोन्ही वाटांना आधार आहे. अशा वेळी दुसरं मत घेणं हा पहिल्या डॉक्टरचा अपमान नव्हे.

पैशांचं थोडक्यात. ईएसआय कापला जात असेल तर चिंचवडच्या मोहननगरमधलं कामगार विमा रुग्णालय ही पहिली पायरी, तिथून पुढे पाठवलं जातं. पगाराची मर्यादा 2017 मध्ये 21,000 रुपये झाली, त्यामुळे ठेकेदाराकडचे बरेच कामगार तिच्यात येतात. घरून कामावर जाता-येताना झालेला अपघात 2010 च्या दुरुस्तीने कामावरचा अपघात धरला जातो. बाइकवरून पडलेल्या कितीतरी जणांना हे ठाऊकच नसतं. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा 5 लाख करण्याचा निर्णय 2023 मध्ये झाला. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राच्या टेबलावर चौकशी करा. केंद्राच्या 2025 च्या योजनेत रस्ता अपघातातल्या जखमीला ठरलेल्या रुग्णालयांत पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाखापर्यंत रोकडरहित उपचार आहेत. जबड्याचं दुखणं पहिल्याच दिवशी ओळखलं जावं, याचं हेही एक कारण.

सगळेच जबडे रस्त्यावर बिघडत नाहीत. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून दाढेखाली धरलेली पुडी या पट्ट्यात तितकंच नुकसान करते. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे. तरी सुपारी आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांतून तोंडात एकत्र येतातच. सुपारीने गालाच्या आतली कातडी घट्ट, पांढुरकी होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. भारतातल्या या विकाराचं वर्णन डॉ. एस. जी. जोशी यांनी 1953 मध्ये केलं होतं. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालून पाहा. जात नसतील, तिखट लागताच आग होत असेल, किंवा तोंडातला व्रण तीन आठवड्यांत भरत नसेल, तर मलम लावत बसू नका. जबड्याच्या याच तज्ज्ञांना दाखवून तुकडा तपासायला पाठवा. आणि दाढ दुखत असताना हनुवटीखाली दोन्ही बाजूंना टणक सूज आली, जीभ वर उचलली गेली, लाळ गिळता येईना, तर दाताच्या खुर्चीपर्यंत थांबायचं नाही. ती सूज काही तासांत श्वास बंद करू शकते. थेट मोठं रुग्णालय गाठा.

शस्त्रक्रियेनंतर जबडे बांधलेले असतील तर पेज, ताक, डाळीचं पाणी, मऊ वाटलेली खिचडी यांवर काही आठवडे काढावे लागतात. वजन उतरतं, ते धरून चालावं. घरी तार कापायची पकड उशाशी ठेवावी आणि उलटी झाली तर कुठली तार कापायची हे घरी जाण्याआधी डॉक्टरांकडून दाखवून घ्यावं. तार सुटल्यावर तोंड उघडण्याचे व्यायाम दुखतात म्हणून सोडू नयेत.

लहान मुलांबाबत जास्त सावध राहायला हवं. मूल जिन्यावरून किंवा सायकलवरून हनुवटीवर पडतं, टाके पडतात, आठवड्यात जखम भरते आणि सगळे विसरतात. कानापुढचा सांधा आतून मोडलेला असू शकतो. मुलांमध्ये तिथे रक्त साठून पुढे हाड जोडलं गेलं तर सांधाच गोठतो. तोंड महिन्यागणिक कमी उघडतं आणि जबड्याची वाढ खुंटून हनुवटी मागे राहते. त्यासाठी मग मोठी शस्त्रक्रिया लागते. हनुवटीवर पडलेल्या मुलाचा ओपीजी काढून घ्या, आणि तो चांगला आला तरी पुढचे सहा महिने, महिन्यातून एकदा, त्याला तोंड मोठ्ठं उघडायला सांगून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर पट्टीने मोजा. आकडा कमी होताना दिसला की त्याच आठवड्यात जबड्याच्या डॉक्टरांकडे जा.